शेवाळीची उंची

माझ्या साडूंइतका निरुपद्रवी माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही, हे मी स्टँपपेपरवर लिहून द्यायला तयार आहे. आणि तरीही ते सावेडीत आमच्याकडे एक दिवस राहून गेले की पुढचे आठ दिवस आमची नातवंडं एकटी मोरीत जात नाहीत, हेही तितकंच खरं. आता या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदतात हे मला विचारू नका, गेली तीन-चार वर्षं मी स्वतःच त्या कोड्यात आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वय साठीच्या पुढं, अंगानं काडी, डोक्यावर सदैव पांढरी टोपी, आणि बोलणं इतकं हळू की समोरचा माणूस आपोआप कान पुढं करतो. तिसगावच्या शाळेत त्यांनी उभी हयात ड्रॉइंग शिकवलं आणि एका पोराला कधी छडी लावली नाही. असा माणूस निवृत्त झाल्यावर काय करील? शेतावर चक्कर मारील, भजनाला जाईल, फार तर माझ्यासारखा सकाळी फिरायला जाऊन चार म्हाताऱ्यांशी गुडघ्यांवर चर्चा करील. आमच्या साडूंनी राक्षसिणीचं कॉमिक काढायला घेतलं.

कॉमिक म्हटल्यावर मी हसायच्या तयारीनंच बसलो होतो. मी एसटीत कंट्रोलर होतो, माझं वाचन म्हणजे वेळापत्रक आणि वर्तमानपत्र. साडूंनी पिशवीतून एक जाड वही काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि समोर हाताची घडी घालून बसले. पहिल्या पानावर काळंभोर तळं, तळ्यातून वर आलेली दोन शिंगं, आणि एका शिंगाला अडकलेली लहान मुलाची चप्पल. "ही शेवाळी," साडू म्हणाले, "तेरा वर्षांची हाय. आमच्या पाझर तलावात ऱ्हाती." मी विचारलं, चप्पल कुणाची? "तेच तर तिला आठवंना झालंय," साडू इतक्या काळजीनं म्हणाले की मला वाटलं आता दोघं मिळून पोलिसात जायचंय. पुढची पानं मी उलटत गेलो आणि माझ्या डोक्याचं पार भजं झालं. एका पानावर सात चौकोन, त्यातला कोणता आधी वाचायचा याचा कुठं पत्ता नाही. मी वरून खाली वाचलं, तेव्हा शेवाळी आधी विहिरीतून बाहेर आली आणि नंतर विहिरीत पडली. डावीकडून उजवीकडं वाचलं, तेव्हा एक म्हशीचा मालक आधी बेशुद्ध झाला आणि मग घाबरला. मी म्हटलं, "मास्तर, चौकोनांना नंबर टाका. फलाटाला नंबर नसेल तर माणूस पाथर्डीच्या गाडीत बसून श्रीरामपूरला जातो." साडूंनी ते इतकं मनावर घेतलं की पुढच्या खेपेला प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'फलाट १', 'फलाट २' असं लिहिलेलं होतं. ते मला कंट्रोलर म्हणायला लागले ते तेव्हापासून.

हे खूळ कुठून आलं, ते मला बायकोनं मटार सोलता सोलता सांगितलं. साडूंना एकच मुलगी, आमची भाची. लहानपणी तिला दिवेलागणीची फार भीती वाटायची, म्हणून बापानं तिला एक राक्षसीण काढून दिली. भीती वाटली की हिला पुढं घालायचं. तीच शेवाळी. दर वाढदिवसाला स्वयंपाकघराच्या चौकटीवर भाचीची उंची पेन्सिलीनं मांडायची आणि तिच्या बरोबर चार बोटं वर हिरव्या खडूनं शेवाळीची. शेवाळी कायम चार बोटांनी मोठी, म्हणजे आपल्यापुढं उभी राहायला कुणीतरी आहे असं पोरीला वाटावं. दर वर्षी शेवाळीचं नवं चित्रही निघायचं, एक वर्षानं वाढलेलं. भाची तेरा वर्षांची झाली तेव्हा तिची उंची एकदम वाढली होती, तोंडावर पुटकुळ्या आल्या होत्या, आणि एका दातावर दुसरा दात चढला होता. बापानं शेवाळीलाही ते सगळं दिलं. पुटकुळ्या दिल्या, चढलेला दात दिला, खांदे पाडून चालणं दिलं. चित्र इतकं झकास साधलं की मास्तरांनी ते कौतुकानं शाळेच्या फळ्यावर लावलं. भाची त्याच शाळेत शिकत होती. मधल्या सुट्टीपर्यंत अख्खी शाळा तिला शेवाळी म्हणायला लागली.

"दाजींना कळलंच नाही हो काय झालं ते," बायको म्हणाली. "पोरगी महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. मग बोलायला लागली, पण चित्र कधी मागितलं नाही. चौकटीला पाठ लावून उभीही राहिली नाही." ही भाची आता पुण्यात नोकरी करते. घरी आली की बापाच्या गोळ्यांची चौकशी करते, चष्म्याचा नंबर तपासून आणते, सगळं रीतसर. पण चित्रांचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जाते. यंदा तिचं लग्न ठरलं, मुलगा कोपरगावचा. आणि साडूंनी मनाशी धरलं होतं की लग्नाच्या आत कॉमिक पुरं करायचं, छापायचं, आणि पोरगी या घरातून जायच्या आधी तिच्या हातात द्यायचं. तोंडानं माफी मागणं त्यांना पंधरा वर्षं जमलं नव्हतं. बायकोचं सगळं ऐकलं, पण मला अजूनही कळेना की ज्या चित्रापायी पोरगी दुरावली त्याच चित्राचं अख्खं पुस्तक करून तिच्या हातात द्यायचं, ही माफी झाली की पुन्हा तोच गुन्हा. बायकोला विचारलं तर म्हणाली, "मटार खाऊ नका कच्चे."

त्यानंतर मी साडूंकडं नीट बघायला लागलो, आणि जितकं बघितलं तितका जास्त घोळात पडलो. त्यांना माणसाच्या तोंडाकडं टक लावून बघायची सवय आहे, आणि त्यात ते तोंड सुटं सुटं करून बघतात. आमच्या मेव्हण्याच्या मुलाच्या साखरपुड्यात नवऱ्या मुलीच्या आजोबांच्या कानांकडं ते इतका वेळ बघत बसले की आजोबांनी शेवटी रुमाल काढून कान पुसले. दोन महिन्यांनी ते कान मला शेवाळीच्या मामाला लागलेले दिसले. माझं नाक त्यांनी निदान विचारून नेलं. "कंट्रोलर, जरा नाक लागत हुतं," असं म्हणाले. मला वाटलं पोलीस पाटलाला किंवा एखाद्या देवमाणसाला देतील. ते नाक त्यांनी विहिरीतल्या एका म्हाताऱ्या कासवाला दिलं, आणि गंमत म्हणजे कासव अख्ख्या कॉमिकात सगळ्यांना उशीर झाला म्हणून बोलत असतं. मी तक्रार केली तर साडू म्हणाले, "नाक तुमचं, बोलणं त्याचं हाय." एकच तोंड त्यांनी उसनं आणलेलं नाही, त्याच्याकडं मी पुढं येईन.

उन्हाळ्यात त्यांचे फार हाल होतात. तिसगावकडं पाऊस बेताचा, पाझर तलाव फेब्रुवारीतच तळाला जातो. लोकांना जनावरांच्या पाण्याची काळजी, साडूंना शेवाळीची. रोज सकाळी छत्री घेऊन ते तलावावर जातात, पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून गाळात पाय सोडून बसतात. मी एकदा बरोबर गेलो होतो. बांधावरून एक म्हशीवाला जात होता, तो थांबून म्हणाला, "मास्तर, काय गावतंय का?" साडू म्हणाले, "न्हाई, बघतोय, कसं वाटतं ते." तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "पाव्हणं, मास्तर चांगलं मानूस हाय, पर जरा ध्यान ठेवा." मी ठेवतो म्हटलं, दुसरं काय म्हणणार? पण त्या गाळात बसून साडूंनी जे काढलं ते बघून माझी झोप उडाली होती, हेही सांगायला हवं. तळं आटतं तेव्हा शेवाळी लोकांच्या विहिरींत राहायला जाते. एक बाई पोहरा ओढते, पोहरा जड लागतो, ती ओढत राहते, आणि काठावर आधी चार हिरवी बोटं येतात. पुढच्या चौकोनात कळतं की शेवाळीला त्या बाईशी फक्त बोलायचं असतं, तिच्या अंगावर एका रात्रीत खवले आलेत आणि ते सगळ्यांनाच येतात का एवढंच तिला विचारायचं असतं. बाई किंचाळून पळून जाते. आता यात भ्यायचं बाईला पाहून की शेवाळीला पाहून, आणि कीव कुणाची करायची? मी साडूंना सरळ विचारलं, ही राक्षसीण चांगली की वाईट ते एकदा ठरवा. साडू म्हणाले, "तेरा वर्षांची हाय हो."

पुण्याच्या एका प्रकाशकाकडं त्यांनी वही पाठवली होती. उत्तर आलं की चित्रं उत्तम आहेत, पण हे लहानांसाठी म्हणावं तर फार भीतिदायक आणि मोठ्यांसाठी म्हणावं तर पोरकट, तेव्हा नेमकं कोणासाठी हे कळवावं. मी म्हटलं, झालं, नकार आला. साडूंना मात्र पत्र वाचून आनंद झाला. "बरोब्बर वळखलंय बघा त्यांनी. त्या वयाचं मानूस ना लेकरात, ना मोठ्यात. त्येचंच तर पुस्तक हाय," असं म्हणून त्यांनी ते पत्र वहीच्या पहिल्या पानाला चिकटवलं आणि स्वतःच छापायचं ठरवून टाकलं.

पण साडूंची सगळ्यांत अवघड सवय वेगळीच, ती म्हणजे त्यांचा प्रश्न. तेराव्या वर्षी तुम्हाला कशाची भीती वाटायची? भेटेल त्याला हे विचारायचं. पिठाच्या गिरणीत विचारायचं, एसटीत शेजारच्या सीटवरच्याला विचारायचं. एका दशक्रियेला गेलो होतो, कावळा शिवायची वाट बघत सगळे गंभीरपणे उभे, आणि साडूंनी शेजारच्या पंचाहत्तरीच्या पाटलांना हळूच विचारलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आवाजाची. माझाच आवाज हो. फुटला आन् बोकडावानी यायला लागला. सहा महिनं मी मुकाच हुतो, घरचे म्हनले पोराला भूतबाधा झाली." त्यावर पलीकडचे एक जण म्हणाले, मला मिशीची भीती वाटायची, येते की नाही म्हणून. मग तिसरे बोलले, मग चौथे. गेलेल्या माणसाच्या थोरल्या मुलानंही डोळे पुसत सांगितलं की त्याला बापाच्या सायकलच्या घंटीची भीती वाटायची. तेवढ्यात कावळा शिवून गेला, तो कुणी बघितलाच नाही. साडू सगळं टिपून घेत होते. मलाही त्यांनी विचारलं होतं, एकदा नाही, सात-आठ वेळा. मी दर वेळी म्हणायचो, मला काही आठवत नाही, आणि विषय गाड्यांवर न्यायचो.

लग्नाला दीड महिना राहिला तेव्हा कॉमिक पुरं झालं, शेवटचं पान सोडून. म्हणजे चित्र झालं होतं. सांजवेळ आहे, लांब गावात मांडवाचे दिवे लागलेत, आणि तळ्यात गुडघाभर पाण्यात शेवाळी उभी आहे, इकडं पाठ, मांडवाकडं तोंड. ती तोंड उघडून काहीतरी म्हणते आहे. तिच्या तोंडाशी बोलण्याचा पांढरा फुगा काढलेला, आणि फुगा कोरा. साडूंना ती काय म्हणेल ते सुचेना. "तिनं माफ करायचं का मी मागायची, का नुसतं जा म्हनायचं, काय कळंना कंट्रोलर," ते मला फोनवर म्हणाले. मी म्हटलं, "समाप्त लिहा." ते नाराज झाले नाहीत, ते कधीच होत नाहीत. फक्त म्हणाले, "ती असं कशाला म्हनंल?"

छापायचं काम त्यांनी नगरमधल्या एका पत्रिकावाल्याकडं दिलं, त्याच बैठकीत पोरीच्या लग्नाच्या पत्रिकाही दिल्या. पत्रिका आधी झाल्या, वाटूनही झाल्या. त्या पत्रिकावाल्यांचा एक बाणा आहे, कागदावर मोकळी जागा सोडायची नाही. मोकळी जागा म्हणजे अपशकुन आणि गिऱ्हाइकाचं नुकसान, असं ते मानतात. साडूंनी त्यांना सांगून ठेवलं होतं की फुग्यातला मजकूर मी फोनवर कळवतो. दिवस जात राहिले, लग्न दोन दिवसांवर आलं, साडूंचा फोन काही जाईना. ते तलावावर गाळात बसलेले, मोबाईल घरी अक्कांच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, लोणच्याच्या बरणीशेजारी. शेवटी पत्रिकावाल्यांनी मला फोन लावला, कारण सावेडीतला नातेवाईक म्हणून माझा नंबर दिला होता. "साहेब, शेवटच्या पानावर जागा मोकळी हाय, मशीन थांबलंय, काय करू?" मी तेव्हा आचाऱ्याशी जिलेबीवरून भांडत होतो. म्हटलं, "तुम्हीच बघा काय ते, पण आज छापून मोकळे व्हा." तीस वर्षं गाड्या वेळेवर सोडल्या हो मी, मला थांबलेलं काही बघवत नाही.

संध्याकाळी स्कूटरवर गठ्ठा आणायला गेलो आणि तिथंच उभ्या उभ्या वरची प्रत उघडली. पहिल्या पानावर काळंभोर तळं, शिंगं, चप्पल, आणि डोक्यावर मोदकासकट गणपती, खाली '॥ श्री गणेश प्रसन्न ॥'. म्हटलं ठीक आहे, देवाचंच नाव आहे. मग शेवटचं पान उघडलं. सांजवेळ, मांडव, पाण्यातली शेवाळी, आणि तिच्या तोंडाशी त्या पांढऱ्या फुग्यात, पत्रिकेच्या तळाला लहान मुलांच्या नावानं छापतात त्याच गोल गोल अक्षरात: 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' खाली 'किलबिल' असा मथळा आणि घरातल्या सगळ्या लेकरांची नावं, त्यात माझ्या दोन्ही नातवंडांची. मी पत्रिकावाल्यांना म्हटलं, अहो, ही राक्षसीण आहे. ते म्हणाले, "असंल. पन पोरगी हाय ना? मांडवाकडं बघून बोलतीय, लग्न त्याच घरचं. मग दुसरं काय बोलनार ती?" मी गठ्ठा स्कूटरला बांधायला घेतला. पुन्हा छापायला वेळ नव्हता.

तिसगावला जाईपर्यंत मी मनातल्या मनात शंभर वेळा स्वतःला शिव्या घातल्या. एका माणसाला पंधरा वर्षं जे तोंडानं बोलता आलं नाही ते त्यानं चितारलं, आणि त्याच्या शेवटच्या वाक्यावर मी जिलेबीच्या भरात भलतंच बसवून ठेवलं. हळदीची सकाळ होती. घर पाहुण्यांनी भरलेलं, अंगणात बायका घाणा भरत होत्या. साडूंना कोपऱ्यात घेऊन मी प्रत दिली, सगळं खरं सांगितलं. त्यांनी शेवटचं पान बघितलं, चष्मा काढून बघितलं, पुन्हा लावून बघितलं. मला वाटलं आता तरी हा माणूस चिडेल, चार शब्द सुनावील, मलाही बरं वाटेल. त्यांनी टोपी नीट केली, आत गेले, आणि हळद लावून बसलेल्या लेकीच्या मांडीवर ते पुस्तक ठेवून स्वयंपाकघराच्या चौकटीशी जाऊन उभे राहिले.

भाचीनं मुखपृष्ठ बघितलं आणि तिचा चेहरा मिटला. मला वाटलं आता ही पाणी प्यायला उठणार. पण हळदीच्या अंगानं उठायचं नसतं, म्हणून असेल किंवा कशानं असेल, ती वाचायला लागली. पिवळ्या बोटांचे ठसे पानांवर उमटत होते. कासवापाशी तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, मग नाकाकडं बघितलं. मध्यावर आल्यावर ती थांबली. त्या पानावर एक मास्तर तळ्याकाठी येतो, शेवाळीला बघतो, तिचं चित्र काढतो आणि शाळेच्या भिंतीवर लावतो. सगळं गाव त्या चित्राला हसतं. मास्तर भिंतीपाशी उभा असतो आणि त्यालाच फक्त कळत नसतं लोक का हसतायत ते. त्या मास्तरचं तोंड साडूंचं स्वतःचं आहे, तेवढं एकच उसनं नाही. शेवाळी पाण्यात खाली जाते, आणि त्यापुढं चार पानं नुसतं पाणी. काही नाही, फक्त काळं पाणी आणि एखादा बुडबुडा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा छपाईची चूक समजलो होतो. भाचीनं ती चारही पानं सावकाश उलटली, एकेका पानावर थांबून. मग शेवटचं पान आलं.

तिनं ते वाचलं आणि तोंडावर हात धरला. नाकावर हळद लागली. "आप्पा," ती म्हणाली, "हे तुम्ही लिहिलं?"

साडूंना हो म्हणता आलं असतं. मी त्यांच्या जागी असतो तर म्हणालो असतो. "न्हाई माय," ते म्हणाले, "मी न्हाई लिवलं. ती काय म्हनंल ते मला सुचलंच न्हाई. मला वाटायचं, ती काय माझ्याशी बोलायची न्हाई."

मी म्हटलं, चूक माझी आहे, मी घाई केली. भाची म्हणाली, "राहू द्या काका." तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती, त्यातलं आधी कोणतं सुरू झालं ते सांगता येणार नाही, नंबर टाकलेले नव्हते. मग तिनं पुस्तक मिटलं आणि विचारलं, "आप्पा, शेवाळी आता केवढी झाली असंल हो?"

साडूंचा हात आपसूक वर गेला. विचार न करता गेला, आणि त्यांच्या स्वतःच्या छातीपाशी थांबला. इतकी, असा. सगळे त्या हाताकडं बघत राहिले. भाची उठली, बायका नको नको म्हणत असताना तशीच पिवळी उठली, आणि जाऊन त्या हाताखाली उभी राहिली. हात तिच्या खांद्याला लागला. तेरा वर्षांची पोर जेवढी होती तेवढ्यावरच तो हात अडून राहिला होता. तिनं चौकटीला पाठ लावली, बापाचं मनगट धरलं, आणि त्यांचा हात वर नेला, खांद्यावरून, कानावरून, डोक्यावरून, आणि आणखी थोडा वर. "चार बोटं वर," ती म्हणाली. "ती माझ्यापेक्षा मोठी हाय ना?" साडू तसेच हात धरून उभे होते. अक्का आतून ओरडत आल्या की तेल तापलंय आणि कुणाचं लक्ष नाही, आणि चौकटीपाशी आल्यावर त्याही तेल विसरल्या.

लग्न झालं. पुस्तकं मांडवात सगळ्यांना वाटली. म्हाताऱ्या माणसांनी पहिल्या पानावरच्या गणपतीला हात जोडले आणि शिंगांकडं दुर्लक्ष केलं. कोपरगावच्या एका पाहुण्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, दुसरा कार्यक्रम तळ्यावर आहे का. माझी नातवंडं आपली नावं छापून आली म्हणून ते पुस्तक उशाशी घेऊन झोपतात आणि मोरीत एकटी जातात. हे का बदललं ते मला कळलेलं नाही.

बायको अक्कांच्या सोबतीला आठ दिवस राहणार होती. मी दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. साडू स्टँडपर्यंत सोडायला आले. रिकाम्या घरातून बाहेर पडायला त्यांनाही काहीतरी हवं असावं. आम्ही बाकावर बसलो. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही, म्हणूनच बहुधा मी सांगितलं. तेराव्या वर्षी वडिलांनी मला नगरच्या वसतिगृहात ठेवायचं म्हणून एकट्याला गाडीत बसवून दिलं. मला नगरची भीती नव्हती. गाडी सुटेपर्यंत वडील थांबतात की पाठ फिरवून शेताकडं निघून जातात, याची भीती होती. म्हणून मी मागं वळून बघितलंच नाही. मान ताठ ठेवून बसलो पार नगरपर्यंत. वडील पुढं वीस वर्षं जगले, पण हे कसं विचारणार? पुढं आयुष्यभर मी लोकांच्या गाड्या सोडल्या, आणि दर गाडीमागं उभं राहणारी माणसं बघितली. माझ्यामागं कुणी उभं होतं की नाही हे मला माहीत नाही.

साडूंनी वही काढली नाही. "उभं हुतं," ते म्हणाले.

"तुम्हाला काय ठाऊक?"

"हुतं हो. बापाला दुसरं काय काम असतंय."

गाडी आली. मी खिडकीची जागा धरली. कंडक्टरनं घंटी दिली, गाडी हलली, आणि या वेळी मी मागं वळून बघितलं. साडू फलाटावर उभे होते, हात वर करून, निरोप देताना करतात तसा नाही, उंची मोजताना धरतात तसा. वळण येईपर्यंत त्यांची टोपी दिसत होती.